दोन जाळ्यांमधला संगणक

ज्या संगणकाला दोन जाळ्यांच्या तारा जोडलेल्या आहेत, तो एका जाळ्यातला माल दुसऱ्या जाळ्यात आपोआप पोहोचवीत असेल, असा बहुतेकांचा समज असतो. समज स्वाभाविक आहे. ज्या गोदामाला दोन दारे आहेत त्याच्या एका दाराने आलेले पोते दुसऱ्या दाराने बाहेर पडू शकतेच. मग संगणकाचेच वेगळे काय असणार? परंतु वस्तुस्थिती तशी नाही. लिनक्स ही प्रणाली चालवणाऱ्या संगणकाला दोन कार्डे असोत की दहा, मुळात तो असे काही करीत नाही. आपल्या नावाचा माल तो घेतो. दुसऱ्याच्या नावाचा आला तर टाकून देतो, आणि टाकल्याची पोचही धाडणाऱ्याला देत नाही. त्याने हे काम करावे असे वाटत असेल तर त्याला तसे सांगावे लागते. सांगणे म्हणजे एका ठिकाणी शून्याच्या जागी एक लिहिणे. एवढेच! आमचा विषय हा एवढासा आकडाच आहे. पण तो लिहिण्याआधी आणि लिहिल्यानंतर जे करावे लागते, ते एवढेसे नाही.

आमचा उद्योग हमाल आणि माथाडी मंडळींच्या संघटनेचा. शाळा लवकर सुटली. संगणक हाती आला तो चाळिशी उलटल्यावर, आणि शिकलो ते गरजेपोटी. तेव्हा पंडिती परिभाषा आमच्याकडून कोणी अपेक्षू नये. बाजार-आवारातले शब्द घेऊन जेवढे सांगता येईल तेवढे सांगू.

गरज कोणती पडली, तेही सांगतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू केली. भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज त्याआधीच संगणकावर गेले होते. ज्याला स्वतःचे नाव लिहिताना घाम फुटतो त्यानेही आता अर्ज संगणकावरच भरावा, असा जमाना आला. म्हणून कचेरीलगतच्या वाचनालयात चार संगणक ठेवावेत असे ठरले. येणारा-जाणारा कोणीही त्यांवर बसेल. कचेरीतल्या संगणकावर मात्र सभासदांची नोंदवही, त्यांची बँकबुके, आधार क्रमांक, वारसांची नावे. बाहेरून येणारी इंटरनेटची तार एकच. ती वाचनालयालाही मिळाली पाहिजे, कचेरीलाही मिळाली पाहिजे, पण वाचनालयातून कचेरीत कोणाचा हात पोहोचता कामा नये. असा हा पेच. तो सोडवायला तीन कार्डे बसवलेला एक जुना संगणक पुरतो. एक दार बाहेरच्या तारेला, एक वाचनालयाला, एक कचेरीला.

आता माल कोणता ते पाहू. इंटरनेटवरून जाणारी कोणतीही वस्तू, मग ते पत्र असो, चित्र असो की गाणे, अखंड जात नाही. तिची लहान लहान पॅकेटे होतात. साध्या इथरनेट तारेवर एक पॅकेट चिठ्ठीसकट १५०० बाइटांहून मोठे नसते. चिठ्ठी किमान २० बाइटांची. तिच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता असे दोन्ही लिहिलेले असतात. या चिठ्ठीचा जो नमुना आजही सर्वत्र चालतो तो जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या सप्टेंबर १९८१ च्या दस्तऐवजातला आहे.

ट्रान्सपोर्टच्या कचेरीत ज्यांनी काम केले आहे त्यांना पुढची गोष्ट चटकन समजेल. मालाबरोबर बिल्टी असते. तिच्यावर मूळ धाडणारा आणि शेवटचा घेणारा. ती सोलापूरला लिहिली की नागपूरपर्यंत तीच राहते. परंतु वाटेत माल एका ट्रकमधून उतरून दुसऱ्यात चढतो तेव्हा त्या त्या ट्रकचे चलान नवे होते. पॅकेटाचेही असेच आहे. आतला इंटरनेटचा पत्ता म्हणजे बिल्टी. बाहेरचा, तारेवरच्या कार्डाचा पत्ता म्हणजे चलान. वाचनालयातला संगणक बाहेरगावच्या एखाद्या संगणकाला पॅकेट धाडतो तेव्हा बिल्टीवर त्या परगावचे नाव असते, पण चलानावर आमच्या मधल्या यंत्राचे. म्हणूनच पॅकेट मधल्या यंत्राच्या दारात उतरते. यंत्र बिल्टी वाचते आणि विचारते: हे माझ्यासाठी आहे काय? असेल तर आत घेते. नसेल तर मघाचा तो आकडा पाहते. तेथे शून्य असेल तर माल टाकून मोकळे होते.

शून्य का असावे? येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते, कारण कागदपत्रे चाळताना आम्हाला सर्वांत जास्त आनंद या ठिकाणी झाला. ऑक्टोबर १९८९ मध्ये रॉबर्ट ब्रेडन यांच्या संपादनाखाली एक नियमावली प्रसिद्ध झाली. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक संगणकाने काय पाळावे याची ती नियमावली, क्रमांक ११२२. तीत असे बजावले आहे की, एकाहून अधिक जाळी जोडलेली आहेत एवढ्यावरून संगणकाने आपण होऊन मध्यस्थाचे काम अंगावर घेऊ नये. कारण दिले आहे ते असे: यंत्र चालवणाऱ्याची ती सेवा देण्याची इच्छा नसेल, किंवा ती पार पाडण्याची त्याची कुवत नसेल. इच्छा आणि कुवत! टोळीवर मुकादम नेमताना आम्ही हेच दोन प्रश्न विचारीत आलो आहोत. जो दुसऱ्याचा माल हाताळतो त्याने तो हाताळण्याचे आधी कबूल केले पाहिजे. त्या नियमावलीप्रमाणे कळ मुळात बंदच असली पाहिजे, आणि लिनक्सच्या गाभ्याबरोबर येणाऱ्या माहितीतही या आकड्यापाशी दोन क्रमांक दिलेले आहेत: साध्या संगणकासाठी ११२२, आणि मधल्या संगणकासाठी १८१२. हा दुसरा दस्तऐवज जून १९९५ चा.

आकडा राहतो कोठे? लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाचे एक दालन आहे. ते चकतीवर नसते. चालत्या गाभ्याच्या पोटात डोकावण्याची ती खिडकी आहे. तिच्या आत ‘सिस’, त्याच्या आत ‘नेट’, मग ‘आयपीव्ही४’, आणि त्यात ‘आयपी_फॉरवर्ड’ या नावाची फाइल. तिच्यात एकच अंक असतो. व्यवस्थापकाच्या अधिकाराने तेथे १ लिहिला की त्याच क्षणी यंत्र पॅकेटे पुढे धाडू लागते. ‘सिस-सीटीएल’ या आज्ञेनेही हेच होते. पण खिडकीतून आत टाकलेली ही चिठ्ठी यंत्र बंद होईपर्यंतच टिकते. कायमचे हवे असेल तर ‘ईटीसी’ खालच्या ‘सिस-सीटीएल डॉट डी’ या फोल्डरात, नावाच्या शेवटी ‘डॉट कॉन्फ’ असलेली एक छोटी फाइल करून तीत एकच ओळ लिहावी: नेट डॉट आयपीव्ही४ डॉट आयपी_फॉरवर्ड बरोबर १.

आमच्या ओळखीच्या एका संस्थेत कंत्राटदाराच्या माणसाने नुसते खिडकीतून लिहिले आणि पैसे घेऊन गेला. रात्री वीज गेली, सकाळी आली. यंत्र नव्याने उठले ते शून्य घेऊनच. दिवसभर सर्वांनी तारा हलवून पाहिल्या. दुसऱ्या खेपेला त्याने आकडा कायमचा केला, पुन्हा पैसे घेतले, आणि पुढचे कामच केले नाही. त्यामुळे ग्राहकांच्या बाकांपाशी ठेवलेल्या संगणकावरून थेट रोखपालाच्या संगणकापर्यंत वाट मोकळी झाली. ती तशीच महिना-दीड महिना होती. कोणी काही चोरले नाही हे त्या संस्थेचे नशीब.

हे असे का झाले, ते नीट समजून घ्यावे. आकडा एक आहे, पण दारे अनेक. १ लिहिला म्हणजे ‘वाचनालयातून बाहेर जाऊ द्या’ एवढाच अर्थ होत नाही. वाचनालयातून बाहेर, बाहेरून वाचनालयात, वाचनालयातून कचेरीत, कचेरीतून वाचनालयात, अशा सर्व दिशा एकदम खुल्या होतात. तीन दारांच्या सहा दिशा. यांतल्या आम्हाला हव्या होत्या दोनच. उरलेल्या चार बंद करण्याचे काम तो आकडा करीत नाही. ते माणसाने वेगळे लिहून द्यावे लागते. आणि आणखी एक: डॉकरसारखी काही सॉफ्टवेअरे बसवली की ती स्वतःच्या सोयीसाठी हा आकडा आपण होऊन १ करतात. तेव्हा आपण लिहिले नाही म्हणून शून्य असेल, असे गृहीत धरू नये. आधी वाचून पाहावे.

दिशा लिहून देण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यातच आहे. जानेवारी २००१ च्या २.४ या आवृत्तीबरोबर ‘नेटफिल्टर’ आणि त्याची ‘आयपीटेबल्स’ ही आज्ञा आली. जानेवारी २०१४ च्या ३.१३ पासून ‘एनएफटेबल्स’ ही नवी पद्धत उपलब्ध झाली. दोहोंत कल्पना एकच. यंत्राकडे येणारा, यंत्रातून निघणारा आणि यंत्रातून पार होणारा, असे मालाचे तीन ओघ मानलेले आहेत आणि प्रत्येकाची नियमांची साखळी वेगळी आहे. पार होणाऱ्याच्या साखळीचे नाव ‘फॉरवर्ड’. तिचे मूळ धोरण ‘ड्रॉप’, म्हणजे टाकून द्या, असे ठेवावे. मग जेवढे हवे तेवढेच लिहावे. आमच्या यंत्रात तीन ओळी आहेत. वाचनालयाच्या दारातून आलेले बाहेरच्या दाराकडे जात असेल तर जाऊ द्या. कचेरीच्या दारातून आलेले बाहेरच्या दाराकडे जात असेल तर जाऊ द्या. आणि आधीच सुरू झालेल्या संभाषणाचे उत्तर असेल तर कोणत्याही दिशेने येऊ द्या. या तिसऱ्या ओळीवाचून पहिल्या दोन निरुपयोगी, कारण जाणाऱ्याला उत्तर हवेच असते. वाचनालय ते कचेरी अशी ओळ नाही. म्हणून ती वाट नाही. क्रमही महत्त्वाचा: आधी नियम लिहावेत, ते यंत्र उठताच लागू होतील अशी तजवीज करावी, आणि मगच शून्याचा एक करावा.

मधल्या यंत्राकडेच येणाऱ्या मालाची साखळी निराळी आहे, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. वाचनालयातला माणूस कचेरीच्या संगणकापर्यंत पोहोचला नाही, तरी मधल्या यंत्राचेच कुलूप उचकटून पाहू शकतो. तेव्हा ‘इनपुट’ साखळीवरही पहारा हवा.

इतके करूनही इंटरनेट चालत नाही असे आढळते, आणि येथे बहुतेक लोक खचतात. माल जातो, पण उत्तर परत येत नाही. याचे कारण परतीची वाट. वाचनालयातल्या संगणकाचा पत्ता समजा १९२.१६८.२०.१५ आहे. हा पत्ता खासगी आहे. चौथ्या आवृत्तीचे एकंदर पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते जगाला पुरणार नाहीत हे १९९० नंतर दिसू लागले. फेब्रुवारी १९९६ च्या १९१८ क्रमांकाच्या दस्तऐवजात काही पत्ते घरगुती वापरासाठी म्हणून राखून ठेवण्यात आले. १० ने सुरू होणारे सर्व, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. ते कोणीही आपल्या घरात वापरावेत. रस्त्यावर मात्र त्यांना कोणी ओळखत नाही. प्रत्येक वाड्यात ‘माजघर’ असते, पण नुसते ‘माजघर’ असे लिहिलेले टपाल पोस्टमन कोणत्या वाड्यात नेणार?

उपाय दोन. पलीकडचे यंत्र आपल्या ताब्यातले असेल तर त्याच्या मार्गांच्या यादीत लिहावे की, १९२.१६८.२० चा माल आमच्या मधल्या यंत्राकडे पाठवा. हा सरळ उपाय, आणि एकाच संस्थेची दोन जाळी जोडायची असतील तर तोच करावा. पण बाहेरची तार कंपनीची असते. तिच्या यादीत आपल्याला काही लिहिता येत नाही. तेथे दुसरा उपाय, ‘मास्करेड’, म्हणजे मुखवटा. बाहेरच्या दारातून निघताना यंत्र बिल्टीवरचे धाडणाऱ्याचे नाव पुसून तेथे स्वतःचे लिहिते, आणि कोणाचे कोणते पॅकेट कोणत्या पोर्टाच्या क्रमांकाने गेले याची नोंद आपल्या वहीत करते. उत्तर आले की वही पाहून मूळ नाव पुन्हा लिहिते आणि आत धाडते. मघाशी आम्ही बिल्टी बदलत नाही असे म्हटले. हा तेवढा अपवाद. मुखवट्याचा नियम बाहेरच्या दारालाच लावावा, सरसकट लावू नये.

या मुखवट्याचा एक परिणाम तांत्रिक नाही. बाहेरच्या जगाला वाचनालयातली सर्व माणसे एकाच पत्त्याची दिसतात. त्या पत्त्याचे धनी आपण. आणि आत कोण कोणाशी बोलतो ते मधल्या यंत्राला कळते. हल्ली बहुतेक मजकूर गुप्त लिपीत जातो, तरी पत्ता उघडाच असतो. कामगार कोणत्या वकिलाची, कोणत्या दवाखान्याची, कोणत्या दुसऱ्या संघटनेची माहिती पाहतो, हे संघटनेच्या चिटणिसाला कळावे काय? आमचे मत स्पष्ट आहे: यंत्र काय नोंदते आणि ती नोंद किती दिवस राहते, हे कार्यकारिणीने ठरवावे आणि वाचनालयाच्या दाराशी पाटीवर लिहावे. पाटी नसेल तर चिटणिसाने ती वही उघडू नये.

कोणी विचारील, हा एवढा खटाटोप कशाला? बाजारात डबी मिळते. मिळते, आणि बहुतेक डब्यांच्या पोटात लिनक्सच असते. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केले आणि १९९२ मध्ये ते अशा परवान्याखाली दिले की, जो ते वाटतो त्याने मूळ लिखाणही द्यावे. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या डबीत लिनक्स आहे हे लोकांनी ओळखले, आणि २००३ मध्ये कंपनीला त्याचे लिखाण खुले करावे लागले. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. डबी वाईट नाही. परंतु कचेरी आणि वाचनालय वेगळे ठेवा हे तिला सांगण्याची सोय स्वस्त डबीत पुष्कळदा नसते. आणि असली तरी आत काय चालते ते ठाऊक नसेल तर ती सोय वापरणार कोण?

शोध घेण्याची रीत सोपी आहे. ‘टीसीपीडंप’ ही आज्ञा दारावर बसवलेल्या कारकुनासारखी आहे. येणारे-जाणारे प्रत्येक पॅकेट ती लिहून दाखवते. एक आतल्या दारावर लावावी, एक बाहेरच्या. आत आले पण बाहेर पडले नाही, तर दोष आकड्यात, नियमांत किंवा मार्गांच्या यादीत. बाहेर पडले पण धाडणाऱ्याचा पत्ता १९२.१६८ चाच राहिला, तर मुखवटा लागलेला नाही. उत्तर बाहेरच्या दारापर्यंत आले आणि आत गेले नाही, तर ती तिसरी ओळ तपासावी. आतल्या दारावर काहीच दिसत नसेल, तर वाचनालयातल्या संगणकाला आपले यंत्र ‘गेटवे’ म्हणून सांगितलेलेच नाही. पॅकेटे जातात-येतात पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर नावाचा पत्ता सांगणारा डीएनएस राहिला.

एक फसवी खूण मात्र सांगितली पाहिजे. वाचनालयातून मधल्या यंत्राच्या कचेरीकडच्या कार्डाच्या पत्त्याला ‘पिंग’ केले तर उत्तर येते, आणि लोक म्हणतात, वाट झाली. झालेली नसते. यंत्राची सर्व कार्डे यंत्राचीच. त्यांतले कोणतेही नाव घेतले तरी ते ‘मीच तो’ म्हणून उत्तर देते. आकडा शून्य असला तरी देते. खरी परीक्षा पलीकडच्या संगणकाचा पत्ता विचारण्यात आहे.

दुसरी अडचण थोड्यांनाच येते, पण आली की छळते. पिंग चालते, छोटे मजकूर येतात, मोठी पाने अर्धवट लटकतात. बाहेरची तार पीपीपीओई पद्धतीची असेल तर तिच्यात १५०० ऐवजी १४९२ बाइटांचेच पॅकेट मावते. मोठ्या पोत्यांना दारच अपुरे पडते. त्यासाठी ‘फॉरवर्ड’ साखळीत, संभाषण सुरू होतानाच पोत्याचे माप कमी ठरवणारा नियम घालता येतो.

सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांसाठी आकडाही वेगळा आणि खिडकीही वेगळी. तेथे १ लिहिला की यंत्र स्वतःला मध्यस्थ समजू लागते आणि कंपनीच्या यंत्राकडून मिळणाऱ्या वाटेच्या घोषणा ऐकणे सोडते; म्हणून बाहेरच्या दारापुरता ‘अ‍ॅक्सेप्ट_आरए’ हा आकडा २ करावा लागतो. नियम चौथ्या आवृत्तीपुरतेच लिहिले असतील तर सहाव्यातून सगळे मोकळे राहील, हेही पाहावे. एनएफटेबल्समध्ये ‘आयनेट’ या जातीचा तक्ता केला की दोन्ही आवृत्त्यांना एकच साखळी लागू होते.

शेवटी तपासणीचे. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, आणि वीज जाऊन आल्यावर प्रत्येक वेळी, वाचनालयातल्या संगणकावरून दोन गोष्टी करून पाहतात. बाहेरचे एक पान उघडतात. ते उघडले पाहिजे. कचेरीच्या संगणकाचा पत्ता विचारतात. त्याचे उत्तर येता कामा नये. दोन्ही तारखेनिशी वहीत लिहितात आणि खाली सही करतात. दुसऱ्याचे उत्तर आले तर फोन करीत बसायचे नाही. मधल्या यंत्रावर जाऊन त्या फाइलीत शून्य लिहायचे. सर्व वाटा, चालू संभाषणांसकट, तत्क्षणी बंद होतात. मग सावकाश नियम वाचायला बसावे.